राघूची चोच

“म्हणजे चित्र चांगलं नाही, असंच ना भन्तेजी?”

भन्ते रेवत चित्राकडे बघत राहिले. चित्रात गावाबाहेरचं तळं होतं, कमळाची पानं होती, पलीकडे टेकडी होती.

“पाणी गार वाटतं,” ते म्हणाले.

“ते नव्हे. चांगलं आहे की नाही, ते सांगा.”

भन्तेंच्या हातात मातीचा हत्ती होता. सोंड पुन्हा पुन्हा गळून पडत होती आणि ते ती पुन्हा पुन्हा चिकटवत होते.

विचारणारे होते प्रल्हाद गजभिये. उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यासमोर कागद ठेवले आणि त्यांनी सांगितलं, हा चालेल, हा चालणार नाही. नोकरी संपल्यावर ते भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी परतले आणि रंग घेऊन बसले.

तळ्याकाठच्या विहाराच्या व्हरांड्यात दुपारी अशी बरीच मंडळी जमत. कुणी एसटीत कंडक्टर होतं, कुणी दवाखान्यात नर्स. कुणी कागदाची फुलं करी, कुणी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या विणून पायपुसणी. भन्ते कुणाला काही शिकवत नसत. त्यांनाच काही येत नव्हतं. ते आपले मधे बसून मातीत हात घालत.

गजभियेंना मात्र शिकायचं होतं. पुढे जायचं होतं. त्यांनी पुस्तकं आणली, महागाचे ब्रश आणले. जिल्ह्याच्या गावी प्रदर्शन भरणार होतं, तिथे हे तळ्याचं चित्र पाठवलं. ते परत आलं. तेच चित्र आज ते घेऊन आले होते.

“मला खरं ऐकायची सवय आहे,” ते म्हणाले. “तुम्ही स्पष्ट बोला.”

“घरी दाखवलं?”

“घरी कोणाला कळतंय?”

“घरी कोण असतं?”

“मी आणि शकुन. माझी बायको.”

“त्या दुपारी काय करतात?”

“काही नाही. पडून असते.”

“आधीपासून?”

“नाही. आधी विणायची. क्रोशाची सुई आणि लोकर, दिवसभर तेच. दारावर लावायला राघू-मैनेचं तोरण करत होती. मी सहज पाहिलं, तर चोची उलट्या! राघूचं अंग एकीकडे, चोच पाठीकडे. माझी नजरच तशी आहे भन्तेजी. चूक असली की चटकन दिसते. मी दाखवून दिली.”

“मग?”

“मग तिने तोरण उसवलं.”

“पुन्हा विणलं?”

“नाही...”

कंडक्टरची कात्री थांबली. नर्सबाईंनी मान खाली घातली.

गजभिये चित्राची सुरळी करू लागले. सुरळी नीट होईना.

भन्तेंनी मातीचे हात पुसले. ते उठले, गजभियेंची रंगांची पेटी उचलली आणि आत नेऊन बुद्धमूर्तीशेजारच्या कोनाड्यात ठेवून आले.

“ही इथे राहू द्या. तुम्ही एक राघू विणून आणा.”

“मला विणता येत नाही.”

“मलाही नाही.”

“मग शिकवणार कोण?”

भन्ते पुन्हा हत्तीच्या सोंडेकडे वळले होते...

गजभिये रागातच घरी गेले. वाटेत त्यांनी ठरवलं, विहारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पेटी कुणाला तरी पाठवून आणवू.

घरात शकुनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. पायाचा अंगठा हलत होता.

गजभिये दारातच थांबले. ही रोजच अशी पडलेली असते. आपण रोज हिला ओलांडून रंग कालवायला जातो...

“शकुन, ती सुई कुठे आहे?”

“कोणती?”

“क्रोशाची.”

त्या उठून बसल्या. “काऊन? फेकायची आहे?”

“मला शिकव.”

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा आहे की काय, ते बघत राहिल्या.

“तुम्हाला नाही जमायचं ते.”

“नाही जमलं तर नाही.”

“आणि माझी पद्धत चुकीची निघाली तर?”

गजभिये जमिनीवर, शकुनबाईंसमोर येऊन बसले. गुडघे कुरकुरले.

शकुनबाई उठल्या. कपाटात, साड्यांच्या खालून त्यांनी हिरव्या लोकरीचा गुंडा काढला. उसवलेली लोकर होती. ठिकठिकाणी वाकलेली, जुन्या टाक्यांची वळणं अजून धरून असलेली.

“ही साखळी. असा वेढा घ्यायचा, असा ओढायचा.”

वेढा सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. मग इतका आवळला गेला की सुईच निघेना.

“सैल धरा की. सरकारी फाईल आहे का ती?”

“बोटं वळत नाहीत.”

“वळतील.” शकुनबाईंनी आपल्या हाताने त्यांची बोटं धरली आणि सुई फिरवून दाखवली. “आता करा.”

त्या दिवशी वीतभर साखळी झाली. दुसऱ्या दिवशी ती वाकडी दिसली, म्हणून गजभियेंनी उसवायला घेतली. शकुनबाईंनी हात मधे घातला.

“राहू द्या.”

“चूक आहे ना.”

“असेना. पुढच्या ओळीत सांभाळून घेऊ.”

दुपारमागून दुपार गेली. राघूचं पोट झालं, ते एका बाजूने फुगलं. मान झाली, ती मानेसारखी दिसेना. एकदा गजभियेंनी शेपटी मोठ्या ऐटीत पूर्ण केली आणि उचलून बघितलं, तर ती त्यांच्या सदऱ्याच्या बाहीलाच विणली गेली होती.

शकुनबाई हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. शेजारीण कुंपणापाशी आली, “काय झालं वहिनी?” म्हणून विचारून गेली.

गजभिये तसेच बाही धरून बसले होते. हे हसणं त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते त्यांना आठवेना.

बाही सुटली. चोच तेवढी राहिली होती. लाल लोकर सुईवर घेऊन ते थांबले.

“शकुन... ती तोरणातली चोच. तेव्हाची.”

त्यांनी मान वर केली.

“चुकली होती ना?”

“नाही.”

“मग उलटी कशी?”

“ती दोघं दाराच्या दोन टोकांना होती. राघू तिकडे, मैना इकडे. दोन दिशांना उडून निघालेली.” त्यांनी लोकरीचा एक तंतू बोटाला गुंडाळला. “मी त्यांना माना वळवून एकमेकांकडे बघायला लावलं होतं.”

बाहेर कुणाचं तरी बकरू ओरडत होतं.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुठे विचारलं? तुम्ही तर सांगितलं.”

गजभियेंनी सुई खाली ठेवली. डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

शकुनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी ती सुई उचलली, लाल लोकर घेतली आणि सावकाश टाके घालू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तोरणाला हिरवी लोकर कमी पडेल. बाजारात जाल तेव्हा आणा.”

“कोणता हिरवा? पोपटी की...”

“तुम्हीच बघा. रंगातलं तुम्हाला कळतं.”

काही दिवसांनी दोघं विहारात आली. शकुनबाई पहिल्यांदाच येत होत्या. हातात कापडी पिशवी होती, त्यातून अर्धं तोरण डोकावत होतं. पायरीवर त्या अडखळल्या. एवढी माणसं बघून मागे सरल्या. मग नवऱ्याच्या आडून वर आल्या.

गजभियेंनी भन्तेंना वंदन केलं आणि पिशवीतून आपला राघू काढून त्यांच्यासमोर ठेवला.

सगळे वाकून बघू लागले.

“वांगं आहे का साहेब?” कंडक्टरने विचारलं.

“चोच आहे ना, दिसत नाही?” नर्सबाई म्हणाल्या. “कोंबडी असेल.”

सगळे हसले. गजभिये सगळ्यांत मोठ्यांदा हसले. शकुनबाईही हसल्या, आणि त्यांच्या खांद्यातला ताठपणा थोडा गेला.

भन्तेंनी राघू तळहातावर घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग आत जाऊन रंगांची पेटी आणली आणि गजभियेंसमोर ठेवली.

गजभियेंनी पेटी उघडली नाही. ते व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले. आवाज त्यांनी लावला नव्हता, पण जुन्या सवयीने तो सभेसारखा लागला.

“भन्तेजी, मला तुम्हा सगळ्यांसमोर एक सांगायचं आहे. इतकी वर्षं मी फक्त चुका शोधल्या. माणसं पाहिलीच नाहीत. समोर बसलेल्या माणसाला काय दिसतंय, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. पण या राघूने मला जे शिकवलं, ते आता मी जन्मभर...”

त्यांच्या मागे, खांबाला टेकून शकुनबाई खाली बसल्या होत्या. तोरण मांडीवर घेतलं होतं. सुईला लोकर अडकवायला बघत होत्या, मान कधी इकडे तर कधी तिकडे कलती करून.

“...मला आता पक्कं उमगलं आहे की अहंकार म्हणजे...”

भन्तेंनी हात वर केला.

गजभिये थांबले. सगळे भन्तेंकडे बघू लागले...

“प्रल्हादजी, जरा बाजूला सरका. बाईंना उजेड मिळू द्या.”