मेण लावलेली डबी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या डोंगराळ राज्याचं नाव आज कोणालाच आठवत नाही. तिथल्या उतारांवर जांभळ्या फुलांची सुवासिक झुडपं होती. आता आपण त्यांना लॅव्हेंडर म्हणतो. चिमूटभर फुलं उशाशी ठेवली की शांत झोप लागायची, पाण्यात उकळून वाफ घेतली की जड झालेलं डोकं हलकं व्हायचं. आणि गरम कपड्यांच्या घड्यांत चुरून टाकली, की लोकर खाणारी कसर तिकडे फिरकायची नाही.

राजवाड्यातले कपडे सांभाळायचं काम तुंगाकडे होतं. राणीने शेवटच्या आजारपणात तान्ह्या लेकीसाठी एक पांढरी लोकरी शाल विणली होती. "राज्याभिषेकाच्या दिवशी ही तिच्या खांद्यावर घाल," एवढं तुंगाला सांगून ती गेली. तेव्हापासून तुंगाने ती शाल डोळ्यांत तेल घालून जपली. दरवर्षी शालीला ऊन दाखवायचं, जुनी फुलं झटकायची आणि नवी हातावर चुरून घड्यांत पसरायची, हा तिचा नेम होता.

राजकन्या मोठी झाली. राज्याभिषेक पुढच्या वर्षावर आला आणि नेमकी गारपीट झाली. झुडपं झोडपून निघाली. तुंगाच्या वाट्याला कशीबशी ओंजळभर फुलं आली. मुदपाकखान्यातली आचारीण त्यातली चिमूटभर मागायला आली. तिचं बाळ झोपत नव्हतं. तुंगाने तिला रिकाम्या हातांनी परत पाठवलं.

बरं, निदान शालीत तरी ती फुलं टाकायची! पण तुंगाबाईंना वाटलं, आत्ताच चुरली तर वास उडून जाईल, मग ऐन सोहळ्याला काय उरणार? तिने फुलं चांदीच्या डबीत भरली, झाकणाला मेण लावलं, डबी शालीच्या घडीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. वास जाईल या भीतीने त्या वर्षी शालीला ऊनही दाखवलं नाही. आपल्या या युक्तीवर ती बेहद्द खूश होती.

राज्याभिषेकाला दरबार भरला. तुंगाने सगळ्यांदेखत पेटी उघडली आणि शाल उचलली. शालीची चाळण झाली होती. घडीतून पांढरा भुगा सांडला. तिने घाईघाईने शाल उलटीपालटी केली, कुठेतरी धड भाग दिसेल म्हणून. एका काठाशिवाय काही धड नव्हतं. कसरीने डबीला अगदी खेटून असलेली लोकरसुद्धा सोडली नव्हती. एवढ्यात डबी खाली पडली, मेण फुटलं आणि सारा दरबार सुगंधाने भरून गेला. आतली फुलं जशीच्या तशी होती.

राजकन्येने हळू आवाजात विचारलं, "मावशी, ही फुलं कुठे होती?"

"शालीतच होती, ताईसाहेब," तुंगा कशीबशी म्हणाली. "वर्षभर शालीतच होती."

राजकन्येने आईच्या हातचा तो काठ डोळ्यांना लावला आणि ती उघड्या खांद्यांनी सिंहासनाकडे गेली. तुंगाला कोणी शिक्षा केली नाही. सांडलेली फुलं गोळा करून ती थेट मुदपाकखान्यात गेली आणि तिने ती आचारणीपुढे धरली.

आचारणीचं मूल आता दुडुदुडु धावत होतं. "आता नको, तुंगाबाई," ती म्हणाली. "तेव्हा हवी होती."

ओंजळ तशीच धरून तुंगा दारात उभी राहिली. तिच्याकडची फुलं आता कोणालाच नको होती.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे वेळेवर कामी येऊ दिलं नाही, ते जवळ असूनही नसल्यासारखंच.