पियानोनं वाजवलेली ढोलकी

फार दिवसांपूर्वी, एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता, कुमुदताईंच्या संगणकात लग्नाच्या गाण्याची फाइल आली. तिच्यात सूर होते, ठोके होते, पण कोणी काय वाजवायचं ते लिहिलेलंच नव्हतं. अशा वेळी संगणकातल्या वाद्यांपैकी पियानोनं सगळं वाजवायचं, अशी तिथली रीत.

त्यानं सनईचे सूर वाजवले, मग ढोलकीचे ठोकेही. जिन्यावरून वाट्या घरंगळल्यासारखं ऐकू आलं.

"पियानोदादा, बोटं दुखत नाहीत का हो?" ढोलकीनं विचारलं.

"तू आपली काळजी कर. न वाजणारी वाद्यं ताई उद्या काढून टाकणार आहेत."

ढोलकी पडद्यावरच्या, वाद्यं नेमणाऱ्या खिडकीकडे धावली. "अगं, मला का नेमत नाहीस?"

"कोणी काय वाजवायचं, ते मी दरवेळी विचारते गं. ताई न वाचताच 'ठीक' दाबतात. यादीत पहिलं नाव पियानोचं, मग तोच वाजतो."

"मग आज माझं नाव पहिलं ठेव."

ताईंनी फाइल पुन्हा उघडली आणि सवयीनं 'ठीक' दाबलं. आता सनईचे सूरही ढोलकीच बडवू लागली. ताई दचकल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच खिडकी नीट वाचली. सूर सनईला दिले, ठोके ढोलकीला. काढून कोणालाच टाकलं नाही.

तुमच्या ओळखीत कोणी न वाचता 'ठीक' दाबणारं असेल, तर त्यांना हे सांगा बरं का.