सुरीचा दुसरा गाल

भांडीकुंडी तोंड मिटून बसायला शिकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तान्हूबाईच्या घरी पोलादाची एक काळी सुरी होती. ती रोज दगडावर घासून घेई, पण पात्याच्या एकाच गालानं. कडेवर बोट फिरवलं की खरखर लागे, तीच धार समजून बया तोऱ्यात असे. टोमॅटोवरून मात्र घसरायची.

"उद्या तुला भंगारात देते, मेले!" तान्हूबाई करवादली आणि जेवून कलंडली.

दुपार गुळाच्या पाकासारखी संथ झाली. सुरी रडत दगडाकडे गेली. "घास मला, अजून जोरात घास!"

"जोर पुरे गं," दगड पेंगत म्हणाला. "एकीकडूनच घासून घेतेस, म्हणून पोलादाची केसाएवढी झालर दुसरीकडे वळलीय. बोटाला लागते ती झालर, धार नव्हे. गाल बदल."

"म्हणजे कमावलेलं घालवू? मग काहीच उरलं नाही तर?"

"तर भंगार आहेच की!"

सुरी वळली. दगडानं थेंबभर पाणी घेऊन दुसरा गाल चोळला, मग आळीपाळीनं दोन्ही, पिसासारख्या हलक्या हातानं. झालर पहाटेच्या स्वप्नासारखी पाण्यात विरून गेली. सुरीला उघडंउघडं वाटलं.

संध्याकाळी तान्हूबाईनं तिला टोमॅटोवर टेकवलं. सुरीनं डोळे गच्च मिटले.

"कापायचं तर काप ना, सुरीबाई," टोमॅटो आळसावून म्हणाला, "किती वाट बघायची?"

एवढं बोलला आणि त्याचे दोन्ही अर्धे भाग ताटलीत अलगद आडवे झाले.