परत आलेलं गाडगं

त्या मुलखात काहीच वाया जात नसे. निदान सगळे तसं म्हणत. मुलूख मातीच्या भांड्यांचा. ज्याला तडा जाई त्याला वाजतगाजत चाकघरात पोचवत. चाकघर त्याची पुन्हा माती करी, चाकावर चढवी, भाजून काढी, आणि तेच भांडं कोरं करकरीत होऊन घरी येई. दारात ओवाळून त्याला जुन्याच नावानं हाक मारत. परतलेल्याला मागचं काही विचारायचं नाही, एवढी एक रीत होती. नव्यानं भाजलेल्या जिवाला त्रास होतो म्हणे.

झाकणीचं गाडगं असंच गेलं आणि असंच आलं. गाडगं दह्याचं. इतक्या वर्षांचं दही त्याच्या अंगात मुरलेलं की विरजण घातलं नाही तरी दही लागायचं. झाकणी हरखून त्याच्या तोंडावर जाऊन बसली आणि डुगडुगली. दूध ओतलं तर ते नासलं. गाडग्याच्या अंगाला आंबूस वास नव्हता, डोंगरातल्या ओल्या मातीचा होता.

झाकणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं रीत मोडली.

"आपण दोघं पहिल्यांदा कुणाच्या घरी होतो रे?"

"मला नुसता डोंगर आठवतो," गाडगं म्हणालं आणि रडवेलं झालं. तिला त्याची दया आली. बिचाऱ्याला परक्याच्या नावानं हाका मारत होते, त्याचा काय दोष?

शेजारचे रांजणकाका पोक्त गृहस्थ. ते म्हणाले, "अगं बाई, तुझीच कड झिजली असेल. तूही एकदा चाकघरात जाऊन ये. माझंही पोट पाझरतंय, आज मीही निघालोय." हळूहळू सगळी आळी तेच म्हणू लागली. मायेनं म्हणत होते, आणि तिला त्या मायेचीच धास्ती वाटली.

काकांची मिरवणूक निघायच्या आत आपल्या डोळ्यांनी काय ते बघायचं, असं ठरवून ती भर दुपारी एकटीच चाकघराचं टेकाड चढून गेली. ओटा झाडलेला होता. दारावर गेरूनं मोठं वर्तुळ काढलं होतं. आत चाक फिरत होतं आणि डोंगराकडच्या दारानं टोपल्या भरभरून माती येत होती. त्या दारातून पूर्वी डोंगर दिसे म्हणत. आता नुसता खड्डा दिसत होता.

"तडा गेलेले कुठे असतात?" तिनं चाकाला विचारलं.

"मला फिरायला सांगितलंय, बाई. मी फिरतो." चाक तिच्याकडे न बघता म्हणालं.

मागच्या भिंतीला पडदा होता. पडद्यामागे दार. दारापलीकडे दरी असायला हवी होती, पण ती खापरांनी उंबऱ्यापर्यंत भरली होती. एकदा भट्टीतून निघालेली माती पुन्हा मळता येत नाही, हे त्या मुलखात प्रत्येकाला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. तरीही कुणी कधी विचारलं नव्हतं. ढिगाच्या वरच तिला तिचं गाडगं सापडलं, चार तुकड्यांत. आंबूस वासावरून तिनं ओळखलं. ती त्याच्याजवळ बसली आणि पोटभर रडली.

तेवढ्यात ताशे ऐकू आले. रांजणकाकांना निदान अडवू तरी, म्हणून ती धडपडत आत आली. काका ओट्यावर पोचले होते, गळ्यात हार, चेहऱ्यावर समाधान. तिनं जीव तोडून हाक मारली. ताशांपुढे ती कुणाला ऐकू गेली नाही. काकांनी तिला पाहिलं मात्र, आणि आपल्या आधी हिचा नंबर लागला म्हणून कौतुकानं हसले.

आणि तिच्या पाठीशी कुदळीचे घाव पडत होते. खापरं टाकायची मागची जागा भरली होती, म्हणून नव्या दारासाठी उरलेली चौथी भिंत फोडणं चाललं होतं. एक मोठा चिरा निखळला आणि लख्ख ऊन आत आलं. पलीकडे थेट उतार होता. उताराच्या पायथ्याशी अख्खी वस्ती पसरली होती, आणि अगदी पहिल्याच अंगणात नवं गाडगं ऊन खात बसलं होतं.