दुसरी सही

"चार वर्षांत माझ्या हातून एक तरी चूक झाली का, सर?"

मृण्मयीने विचारलं. विद्यापीठात पहिली आलेली ही मुलगी, धर्मादाय रुग्णालयाच्या औषध विभागात बेनाडीकर सरांच्या हाताखाली होती. तिची चूक खरोखरच कधी सापडली नव्हती. म्हणून तर बाईसाहेबांचं नाक वर होतं.

"नाही झाली," सर म्हणाले.

"मग औषधांच्या प्रत्येक ट्रेवर दोन सह्या कशाला? आणि तुम्ही भरलेला ट्रेसुद्धा मी तपासायचा? तुम्ही तर ताकही फुंकून पिता!"

सरांनी नुकताच भरलेला ट्रे पुढे सरकवला.

बालविभागातल्या चार वर्षांच्या मुलाचं इंजेक्शन होतं. औषधाची पावडर, आणि ती विरघळवायला पाण्याच्या दोन अँप्युल, काचेच्या सीलबंद कुप्या. कागदावर सरांची सही होतीच. मृण्मयीने तिच्याखाली आपली ठोकली.

बालविभागाच्या सिस्टर शोभना ट्रे घेऊन निघाल्या.

"थांबा, सिस्टर." सर मृण्मयीकडे वळले. "तू ट्रेमध्ये पाहिलंस?"

"तुम्ही भरलाय ना, सर..."

सरांनी ट्रे परत घेतला. तिला दाखवायला म्हणून एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. पहिली अँप्युल पाण्याची. दुसरी...

सरांनी ती उजेडात धरली.

आकार तोच, आतलं औषध पाण्यासारखंच नितळ. नाव मात्र पोटॅशियम क्लोराइड. शिरेत एकदम गेलं तर हृदय थांबवणारं.

सिस्टर भिंतीला टेकल्या. "देवा! दहा मिनिटांत मी हे त्या लेकराला टोचलं असतं."

मृण्मयीला वाटलं, ही परीक्षा असणार. दुसरं काय असणार?

"सर... तुम्ही मुद्दाम ठेवली होती ना?"

"नाही."

ज्या हाताची अख्खं रुग्णालय शपथ घ्यायचं, तो हात चुकला होता. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमची सही होती, सर... म्हणून मी..."

सरांनी झालेली चूक नोंदवहीत लिहिली, स्वतःच्या नावाने. नवा ट्रे भरला. सही केली.

मृण्मयीने कागद ओढला.

सरांनी आपल्या सहीवर पंजा ठेवला. ती पूर्ण झाकली गेली.

"आता तपास."