न वाजलेल्या घंटेचा पुरावा

“तुझ्या खापरांनी माझ्या हत्तीचा पाय कापला! भर नुकसानी, नाहीतर तुझं चाक जप्त!”

निंबगडचे राजे शिवदेवराव भागू कुंभारणीवर कडाडले. आता घ्या! आदल्या दुपारी राजांचा हत्ती गुलाबराव कुंभारआळीतून नदीवर निघाला, भागूच्या साठ मडक्यांचा चुरा केला आणि लंगडत परत गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! पण राजांना ते सांगणार कोण? भागूनंच सांगितलं. चाक गेलं तर चार पोरांच्या तोंडात ती काय घालणार होती?

“महाराज, हत्तीच्या गळ्यात घंटा असते. ती ऐकली की आळीतला जो तो आपलं चंबूगबाळं उचलून भिंतीला लागतो. पोर चालायला लागलं की आधी हेच शिकवतात. काल घंटाच नव्हती! मी पाठमोरी बसून मडकी मांडत होते.”

घंटा नव्हती, कारण खुद्द राजांनीच ती काढायला लावली होती. का, तर दुपारच्या झोपेत खणखणाट नको!

“घंटेचं सांगू नकोस!” राजे म्हणाले. “आमची रयत एक नंबरची आळशी. घंटा असती तरी तू जागची हलली नसतीस.”

“हलले असते, महाराज.”

“असते, असते! मग दाखव ना! घंटा वाजली असती तर काय झालं असतं, ते उद्या दुपारी भर दरबारात माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर चाक गेलं समज!”

दिवाण आबाजीपंत गालातल्या गालात हसले. जे घडलंच नाही, ते बाई दाखवणार कसं?

भागू तडक हत्तीखान्यात गेली. घंटा मागताच माहूत रहिमानचाचांनी हातच जोडले. “नाव काढू नकोस, बाई. हत्तीच्या गळ्यात घालायची नाही असा हुकूम आहे.”

“हत्तीच्या गळ्यात ना? तुमच्या हातात धरायची नाही असं कुठं म्हटलंय?”

चाचांनी दाढी खाजवली. मग हळूच खुंटीवरची घंटा काढली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. भागू आली ती हात हलवत.

“कुठाय पुरावा?” राजांनी विचारलं.

“येतोय, महाराज. बसा निवांत.”

तेवढ्यात दाराबाहेर आवाज झाला. ठण! ठण! ठण!

अहो, काय सांगू! शास्त्रीबुवांनी पंचांग छातीशी धरून खांब गाठला. सेनापती ढाल टाकून नुसती पगडी घेऊन पळाले. आबाजीपंत दौत-लेखण्या गोळा करून भिंतीला पालीसारखे चिकटले. आणि राजे? सिंहासनावरून एकच उडी! काखेत लोड, आणि पाठ भिंतीला!

“अगं ए, बाजूला हो! हत्ती आला!” ते भागूवर ओरडले. ती एकटीच दरबाराच्या मधोमध उभी होती.

“गुलाबराव हत्तीखान्यात ऊस खातोय, महाराज. नुसती घंटाच आलीय.”

रहिमानचाचांनी दारातून भीत भीत घंटा दाखवली.

“घंटा ऐकून तुम्ही सिंहासन सोडलंत,” भागू म्हणाली, “मग मी मडकी उचलून बाजूला झाले नसते होय?”

आबाजीपंत भिंतीजवळूनच पुटपुटले, “तरी पण... मडकी तर हत्तीनंच फोडली. त्यात महाराजांचा काय दोष?”

“हत्ती मुका जीव, पंत. गळ्यातली घंटा त्यानं स्वतः नाही काढली!”

राजांनी काखेतल्या लोडाकडे पाहिलं, शाईनं माखलेल्या दिवाणाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता लोड खाली पडला.

“पंत, साठ मडक्यांची भरपाई आमच्या खजिन्यातून! हत्तीच्या पायाचं औषधपाणीही आमच्याकडे. आणि घंटा आजच्या आज त्याच्या गळ्यात!” मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, “पण काय गं, आमच्या दुपारच्या झोपेचं काय?”

“कानात कापूस घाला, महाराज! आमच्या शेजारीच पिंजारी राहतो. धाडू का त्याला?”

राजे पुन्हा खो खो हसले आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भागूच्या पदरात टाकलं.