न पडलेली साखळी

डोंगरांच्या आडोशाला वसलेल्या एका राज्यात एक तरणाबांड सायकलपटू होता, आणि त्याच्या पायांना म्हणून क्षणाची उसंत नव्हती. जेवायला बसला तरी मांडी हलायची, देवळात उभा राहिला तरी टाचा वर-खाली व्हायच्या. आई म्हणायची, "अरे, घास तरी स्वस्थपणे गीळ!" तोवर हा उठून अंगणात गेलेलासुद्धा असायचा. गावाने त्याचं नाव भिंगऱ्या ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते कमीच पडत होतं.

त्या राज्यात दरवर्षी सायकलींची मोठी शर्यत भरे. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बरेच दिवस चाले. रोज नवा मुक्काम आणि रोज नवा विजेता. शेवटच्या दिवशी सपाट रस्त्याने राजधानी गाठायची, आणि राजवाड्याच्या दाराशी जो पहिला पोचेल त्याने तिथली मोठी घंटा वाजवायची. शेवटच्या टप्प्यात जीव तोडून सुटणारे जे वेगवान गडी असतात, त्यांचा तो दिवस. भिंगऱ्या असाच गडी होता. त्याला ती घंटा हवी होती, आणि तीही याच वर्षी.

पहिल्या सपाट मुक्कामावर त्याने मिशाळदादाला हरवलं. मिशाळदादा म्हणजे दुसऱ्या पथकाचा जुनाजाणता वेगवान गडी, आणि घंटेची दोरी वर्षानुवर्षं त्याच्याच हातात. पुढच्या सपाट मुक्कामावर भिंगऱ्याने त्याला पुन्हा हरवलं. मग काय विचारता! लोकांनी पोराला डोक्यावर घेतलं, आणि पोराने ते डोक्यात घेतलं.

राजधानीच्या आदल्या दिवशी मात्र मोठा घाट लागायचा. वेगवान गड्यांच्या मांड्या जाडजूड. सपाटीवर त्यांचा काय तो तोरा, पण घाटात त्याच मांड्या जड होतात. त्यातून नियम कडक. पहिला गडी घाट उतरून मुक्कामी पोचला की पंच पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत. तांब्याचं वाडगं ते, बुडाला बारीक भोक पाडलेलं. हळूहळू भरायचं आणि बुडायचं. ते बुडालं की रस्त्यावर दोर आडवा, आणि दोराच्या मागे राहिला तो तिथूनच घरी. राजधानीचा दिवस त्याच्या नशिबी नाही.

म्हणून त्या दिवशी सगळ्या पथकांचे वेगवान गडी आपापली वैरं बाजूला ठेवून मागे एकत्र चालत. त्या घोळक्याला म्हणत मागची पंगत. जेवणाच्या पंगतीत शेवटचं पान आटपेपर्यंत कुणी उठत नाही, तसंच इथेही कुणाला मागे टाकून जायचं नाही. पाणी वाटून प्यायचं, गूळशेंगदाणे वाटून खायचे. पुढच्याच्या आड वारा कमी लागतो, म्हणून वारा अंगावर घ्यायला पाळीपाळीने पुढे यायचं. सायकल मोडली तर सगळ्यांनी थांबायचं. कुणाचे पाय गळाले, तर त्याने तसं सांगायचं, मग त्याला मधे घेऊन बाकीचे चाल कमी करत. चाल ठरवणार तो सगळ्यांत जुना गडी, म्हणजे मिशाळदादा.

पथकाचे वस्ताद सकाळी भिंगऱ्याला म्हणाले, "आज मागच्या पंगतीत बसायचं. उद्याचे पाय आज जाळू नकोस."

"वस्ताद, घाटात माझं गाव लागतं. आई उभी असणार, अख्खं गाव उभं असणार. त्यांच्यासमोरून मी मागून, रांगत रांगत जाऊ? दोनदा जिंकलेला माणूस?"

"घाटात सगळे रांगतात रे बाबा."

पण भिंगऱ्याचा एक पाय केव्हाचा पायडलवर नाचत होता. शर्यत सुटली, चढ लागला, आणि हा पठ्ठ्या थेट घाटवाल्यांच्या घोळक्यात घुसला. घाटवाले म्हणजे काटकुळी माणसं. ती गप्पा मारत चढत होती, आणि याच्या छातीचा भाता झाला होता. तरी त्याने दम धरला. गावाच्या वळणावर ढोल वाजले. आई ओरडली, "आला गं बाई, पुढच्यांत आला!" भिंगऱ्याने ओठ मिटून हसून दाखवलं, कारण तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना त्याची धाप ऐकू गेली असती.

गाव दिसेनासं झालं आणि त्याचे पाय एकदम गेले. घाटवाले बघता बघता वर निघून गेले. सायकल रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला झोकांड्या खाऊ लागली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. आता पोचणार कधी? घटिकापात्र केव्हा सोडतील? घंटा गेली का हातची? डोक्यात नुसतं काहूर माजलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पोराचं मन धावत होतं आणि पाय थांबले होते.

तेवढ्यात खालच्या वळणावर मागची पंगत दिसली. सावकाश, एका चालीने येत होती. मिशाळदादा पुढे होता.

भिंगऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता यांना काय तोंड दाखवायचं? तो चटकन खाली उतरला, सायकल उलटी केली आणि साखळीवर वाकून बसला. साखळी चांगली जागच्या जागी होती. पण थकलो म्हणण्यापेक्षा साखळी पडली म्हणणं त्याला बरं वाटलं. ते जातील पुढे, मग बघू, असा त्याचा हिशेब. पंगतीचा नियम त्या घाईत तो साफ विसरला होता.

मिशाळदादाने हात वर केला. सगळी पंगत थांबली.

"काय रं, साखळी पडली व्हय?"

"हो दादा. तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं? बसव बसव. आमी हाईत हितंच."

एक गडी चुळबुळत म्हणाला, "दादा, तिकडं वाडगं भरत आलं आसंल. उद्याचा वैरी हाय ह्यो, ऱ्हाऊ द्या की हितंच!"

"पंगतीत वैरी नसतो," मिशाळदादा म्हणाला आणि भिंगऱ्याच्या हातांकडे बघत उभा राहिला.

भिंगऱ्या नुसताच साखळीवर वाकून राहिला. न पडलेली साखळी बसवायची तरी कशी? सगळे घामाने निथळत होते. कुणी घाटमाथ्याकडे बघत होतं, कुणी उन्हाकडे. यातल्या प्रत्येकाची उद्याची घंटा त्याच्या एका खोट्यापायी बुडायला लागली होती. आणि साखळी बसली म्हणून निघावं, तर गेलेला वेळ भरून काढायला पंगत भरधाव सुटणार आणि तो पुन्हा मागे पडणार. त्याला रडू आलं.

"साखळी धड आहे दादा," तो म्हणाला. "मीच संपलोय. पाय राहिले नाहीत."

मग मिशाळदादा खेकसला, "मग आदीच सांगाया काय झालं होतं? चल, मधी बस!"

त्यांनी त्याला मधे घेतलं. कुणी गुळाचा खडा दिला, कुणी पाठीवर हात ठेवून ढकललं, कुणी शिव्याही दिल्या, आणि त्या त्याच्या हक्काच्याच होत्या. घाटमाथा आला, उतार सरला, आणि खाली मैदानात समोरून वारा आला. पाळीपाळीने पुढे येऊन सगळ्यांचा दम निघाला. लांबवर मुक्कामाची निशाणं दिसत होती. पंच घंगाळावर वाकले होते आणि दोर धरून दोघं उभे होते.

बाकीच्यांच्या आड राहून भिंगऱ्याच्या पायांत पुन्हा वळवळ सुरू झाली होती. ही ताकद उद्यासाठी राखावी, हे त्यालाही कळत होतं. घंटा त्याला अजूनही हवी होती. पण तो कुणी न सांगता पुढे आला, मान खाली घातली आणि सुटला. सगळी पंगत त्याच्या मागे ओढली गेली. शेवटचा गडी आत आला आणि वाडगं बुडालं.

दुसऱ्या दिवशी राजधानीत घंटा मिशाळदादाने वाजवली. भिंगऱ्याचे पाय ऐन वेळी उठलेच नाहीत. तो फार हळहळला, अगदी डोळे पुसण्याइतका. मग दादाजवळ जाऊन म्हणाला, "साखळीचं तुम्हाला कळलं कधी?"

"लगीच. तुजं हात सोच्छ व्हतं. साखळीला हात घातल्यावर काळं लागल्याबिगर ऱ्हातंय का?"

"मग बोलला का नाही?"

"ते तुजं तू बोलाया पायजे व्हतं."

पुढे भिंगऱ्याने ती घंटा पुष्कळदा वाजवली. मिशाळदादा थकला, घरी बसला. भिंगऱ्याला स्वतःलाही मिशा आल्या आणि मागच्या पंगतीची चाल तो ठरवू लागला. एका वर्षी त्याच घाटात, त्याच चढावर, एक नव्याने गाजू लागलेला पोरगा सायकल उलटी करून साखळीवर वाकून बसलेला दिसला.

भिंगऱ्याने हात वर केला. पंगत थांबली. त्याने साखळीकडे पाहिलंच नाही. पोराचे हात पाहिले, आणि पाय पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटत, पण तोंडातून चकार शब्द न काढता, वाट बघत उभा राहिला.

तात्पर्य: पाय थकले तर थकले म्हणावं, त्याचं खापर साखळीवर फोडू नये. आणि ज्याला हे कळून चुकलंय, त्याने दुसऱ्याला ते कबूल करण्यापुरता वेळ द्यावा.